तीन खोल्यांचं घर : ब्रिटनमध्ये 'बी अँड बी' निवडताना

ब्रिटनच्या गावांमधून फिरताना घरांवर 'बी अँड बी' अशी पाटी जागोजागी दिसते. फाटकाशी जागा आहे की नाही हे सांगणारा छोटा फलक लटकत असतो, आणि आत पाहुण्यांच्या खोल्या बहुधा दोन, फार तर तीन असतात. या तीन खोल्यांमागे यजमानांची हौस आहे तसा करांचा हिशेबही आहे. इंग्लंडमध्ये मालक स्वतः त्या घरात राहत असेल, एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुणे ठेवत नसेल आणि खोल्या भाड्याने देणं हा घराचा दुय्यम उपयोग असेल, तर त्याला व्यापारी दराने कर भरावा लागत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी घरपट्टी भरली की झालं. शिवाय राहत्या घरातली खोली सामानासह भाड्याने दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर प्राप्तिकर माफ आहे. सहा माणसं, तीन खोल्या, एक कुटुंब. गणित असं जुळतं.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे निवडीचे सगळे प्रश्न या गणितातूनच निघतात. त्या घरात रात्री अकराला किल्ली द्यायला स्वागतकक्ष नसतो. लिफ्ट नसते. सकाळी अंडी तळणाराच दुपारी चादरी बदलतो आणि संध्याकाळी दार उघडतो. तुम्ही पैसे भरता ते एका खोलीचे, पण राहता एका बिऱ्हाडात. म्हणून माझं म्हणणं असं की फोटोतली गादी आणि खिडकीतला देखावा नंतर पाहावा. घर चालवतं कोण, ते तिथे राहतात का आणि सकाळी काय शिजवतात, हे आधी शोधावं. कोकणात 'निवास व न्याहरी'ची पाटी पाहून उतरणारा मराठी माणूस नेमकं हेच विचारतो. परदेशात गेल्यावर मात्र तो हे विचारायचं सोडतो आणि तारे मोजू लागतो.

या घरगुती मुक्कामाचा इतिहास मोठा रंजक आहे. लँकेशायरमधल्या गिरणगावांत उन्हाळ्यात आळीपाळीने आठवडाभर गिरण्या बंद ठेवण्याची पद्धत होती. त्या आठवड्यात अख्खं गाव आगगाडीने समुद्रावर जायचं, बहुतेकदा ब्लॅकपूलला. तिथे रेल्वे १८४६ मध्ये पोहोचली होती. कामगारांना हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून रेल्वे स्टेशन आणि किनारा यांच्या मधल्या गल्ल्यांतून घरमालकिणींनी खोल्या द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात पाहुणे आपला बाजार आपणच आणायचे, मालकीण तो शिजवून द्यायची आणि मीठ-मिरपूड वापरल्याचे वेगळे पैसे लावायची. नाश्ता झाला की पाहुण्यांनी बाहेर पडायचं आणि संध्याकाळीच परतायचं, असा अनेक घरांचा नियम असे. १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला आणि युद्ध संपल्यावर अशा घरांची भरभराट झाली. ब्लॅकपूलची घरमालकीण हे इंग्रजी विनोदातलं ठरलेलं पात्र होऊन बसलं, पण त्यांतल्या अनेकींनी वैधव्य, मुलाबाळांची जबाबदारी आणि कर्ज यांच्याशी झुंजत हा व्यवसाय उभा केला, हे त्या विनोदात हरवतं.

लंडनच्या घरमालकिणीची मराठी वाचकांना वेगळी ओळख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला १०, किंग हेन्रीज रोड इथे खोली घेऊन राहत होते. त्या घरची मालकीण किती कडक होती आणि सकाळचा नाश्ता किती तुटपुंजा होता, हे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलं आहे. अपुऱ्या नाश्त्यावर दिवस काढून, ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथे बसून त्यांनी अभ्यास केला. ती वास्तू २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतली आणि आज तिथे स्मारक आहे. लंडनला जाणाऱ्याने ते जरूर पाहावं.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. कातडीचा रंग पाहून दार बंद करण्याची रीत त्या देशात उघड होती. वेस्ट इंडीजचा थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन याला १९४३ मध्ये लंडनमधल्या इम्पीरियल हॉटेलने कुटुंबासह राहू दिलं नाही. त्याने दावा लावला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई मिळाली अवघी पाच गिनी, पण खटला गाजला. १९६५ च्या कायद्याने हॉटेलांतला वंशभेद बेकायदा ठरला, १९६८ च्या कायद्याने बोर्डिंग हाउसही त्याच्या कक्षेत आलं. आज २०१० चा समानता कायदा लागू आहे आणि राहत्या घरात दोन खोल्या देणाऱ्या यजमानालाही तो बांधील ठेवतो. वंश, धर्म किंवा जोडीदार कोण यावरून खोली नाकारता येत नाही. आज तिथे आपण निर्धास्तपणे दार ठोठावतो, त्यामागे कुणीतरी कोर्टाची पायरी चढलेलं आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. पहिली अडचण अशी की 'बी अँड बी' हे नाव कुणीही लावतं. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीचं मूळ नाव 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट' होतं. आज तिथल्या असंख्य जागांमध्ये यजमानही नाही आणि न्याहरीही नाही. दाराशेजारच्या पेटीत किल्ली, भिंतीवर सूचनांचा कागद, एवढंच. चार जणांच्या कुटुंबाला स्वतःचं स्वयंपाकघर हवं असेल तर अशी जागा सोयीचीच. पण ज्याला बी अँड बी हवं आहे त्याने माहितीत दोन गोष्टी शोधाव्यात : यजमान त्याच घरात राहतात असं लिहिलं आहे का, आणि नाश्ता दरात धरलेला असून तो घरीच शिजतो का. शेजारच्या कॅफेची कुपनं देणारे आणि खोलीत पाकीटबंद केक ठेवणारेही 'नाश्ता समाविष्ट' असं लिहितात.

स्कॉटलंडमध्ये पारख करणं सोपं झालं आहे. तिथे २०२२ च्या आदेशानुसार अल्पमुदतीने जागा देणाऱ्या प्रत्येकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. राहत्या घरातला बी अँड बीही त्यात येतो. जुन्या यजमानांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ ही मुदत होती. जाहिरातीत परवान्याचा क्रमांक देणं बंधनकारक आहे, आणि जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात तो आकडा परवान्यात ठरवून दिलेला असतो. क्रमांक नसेल तर पुढची जागा बघा. माणसांच्या आकड्याकडेही नीट लक्ष द्या. "मुलगा खाली गादी टाकून झोपेल" ही आपल्याकडची सहज तडजोड तिथे चालत नाही. त्या आकड्यामागे आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा विचार असतो, म्हणून यजमान नाही म्हणाले तर तो कोतेपणा समजू नये.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये व्हिजिटइंग्लंड आणि एए या दोन संस्था तपासणी करून तारे देतात. बी अँड बीचे चार तारे आणि हॉटेलचे चार तारे यांची तुलना करता येत नाही, कारण दोन्हींची मोजपट्टी वेगळी. चार तारे असलेल्या घरात लिफ्ट किंवा रात्री जेवण असेलच असं नाही. तिथे स्वच्छता, गादी, पाहुणचार आणि नाश्ता यांचा दर्जा मोजलेला असतो. स्कॉटलंडच्या पर्यटन संस्थेने आपली तारांकन योजना २०२५ मध्ये बंद केली, पण जुन्या पाट्या आणि जुनी संकेतस्थळं तशीच आहेत. तारे दिसले तर ते कुठल्या सालचे हे विचारायला हरकत नाही.

मला त्याहून उपयोगी वाटतं ते स्वयंपाकघराचं गुणपत्रक. नाश्ता देणारं घर कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसाय ठरतं आणि कौन्सिलचे निरीक्षक त्याची तपासणी करतात. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ असे गुण मिळतात. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून हा आकडा दारावर लावण्याची सक्ती आहे. इंग्लंडमध्ये सक्ती नसली तरी अन्न मानक संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो पाहता येतो. स्कॉटलंडमध्ये गुणांऐवजी 'पास' किंवा 'सुधारणा आवश्यक' असा शेरा असतो. अनोळखी शंभर जणांचे अभिप्राय वाचण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करावं. अभिप्राय वाचायचेच असतील तर गेल्या वर्षभरातले वाचावेत. घर विकलं गेलं, मालक बदलले, तरी जुनी स्तुती त्याच नावाखाली राहते.

आता न्याहरी. मराठी प्रवाशाच्या दृष्टीने निम्मी निवड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण इंग्रजी नाश्त्याच्या ताटलीत अंडी, बेकन, सॉसेज, टोमॅटो सॉसमधली पांढरी घेवड्याची उसळ म्हणजे बेक्ड बीन्स, तव्यावर भाजलेले टोमॅटो, मश्रूम, टोस्ट आणि पुष्कळदा ब्लॅक पुडिंग असतं. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्तापासून करतात. स्कॉटलंडमध्ये याच ताटलीत हॅगिस येतं, म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस ओटच्या भरडीत शिजवलेलं. जोडीला बटाट्याची टॅटी स्कोन आणि चौकोनी लॉर्न सॉसेज. उत्तर आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड आणि बटाट्याची भाकरीसारखी फार्ल, वेल्समध्ये समुद्री शेवाळाचं लेव्हरब्रेड. मांसाहारी वाचकांनाही यात एक सूचना आहे. बेकन आणि नेहमीचं सॉसेज डुकराचं, लॉर्न सॉसेजमध्ये बहुधा गोमांस असतं आणि हॅगिसमध्ये अनेकदा गाईची चरबी घालतात. ज्यांना यातलं काही चालत नाही त्यांनी "मी मांसाहारी आहे" एवढं सांगून थांबू नये.

शाकाहाऱ्यांची सोय आज तिथे उत्तम होते, किंबहुना फ्रान्स-स्पेनपेक्षा खूपच चांगली. ब्रिटनमध्ये शाकाहारी मंडळाची स्थापनाच १८४७ सालची आहे. स्कॉटलंडमध्ये डाळी, कडधान्यं आणि ओटचं शाकाहारी हॅगिस सर्रास मिळतं. मिरी-मसाल्याचं हे मिश्रण मराठी जिभेला पटकन आवडतं, अवश्य खाऊन पाहावं. मात्र तिथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं गृहीत असतं. अंडं नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं. 'व्हीगन' म्हणालात तर अंड्याबरोबर दूध, लोणी आणि दहीही जाईल, मग चहा ओटच्या दुधाचा येईल. तळलेला पाव आणि मश्रूम बेकनच्याच तव्यात होतात का, हाही प्रश्न विचारायला लाजू नये. खाण्यातल्या चौदा ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं त्यांना कायद्याने भाग आहे, त्यामुळे कशात काय आहे हे विचारणारे पाहुणे त्यांना नवीन नसतात. कांदा-लसूणही वर्ज्य असणाऱ्यांसाठी पॉरिज, टोस्ट, जॅम, फळं आणि चीज हा भरवशाचा नाश्ता आहे. स्कॉटलंडमध्ये पॉरिज काही घरी पाण्यात, मीठ घालून करतात. दूध-साखरेचं हवं असेल तर आदल्या रात्री सांगावं.

आदल्या रात्री हे शब्द महत्त्वाचे. बहुतेक घरांत झोपण्यापूर्वी एक कागद भरून द्यायचा असतो : काय खाणार आणि किती वाजता. वेळ साधारण आठ ते नऊच्या दरम्यानची. सकाळी साडेसहाची बोट किंवा गाडी पकडायची असेल तर शिजवलेला नाश्ता मिळणार नाही, आणि दरातला नाश्ता बुडाला तर बी अँड बी घेण्यात फारसा अर्थ उरत नाही. अशा रात्री स्टेशनजवळचं साधं हॉटेल बरं. हे सांगणारी पुस्तकं थोडी, म्हणून मुद्दाम लिहितो : सगळ्या रात्री बी अँड बीत काढण्याचा अट्टहास करू नये. लंडनमध्ये उशिरापर्यंत नाटक पाहायचं, मध्यरात्री विमान उतरायचं, तिथे हॉटेलच हवं. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर, स्काय बेट, कॉर्नवॉल इथे मात्र घरच हवं. गाव कळतं ते अशाच घरात, कारण आज पाऊस कधी उघडेल आणि कुठली पायवाट चिखलाने भरली आहे हे यजमानाइतकं कुणाला ठाऊक नसतं.

खोलीच्या वर्णनातल्या तीन संज्ञा नीट वाचा. 'ऑन-स्वीट' म्हणजे न्हाणीघर खोलीला जोडून. 'प्रायव्हेट बाथरूम' म्हणजे फक्त तुमचं, पण दाराबाहेर, बोळ ओलांडून. 'शेअर्ड' म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या पाहुण्यांबरोबर. आईवडील बरोबर असतील, त्यांना रात्री उठावं लागत असेल, तर पहिला प्रकारच घ्यावा आणि खोली तळमजल्यावर मागावी. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात. पलंगाचंही तसंच. तिथला 'डबल' साडेचार फूट रुंद असतो आणि 'किंग' पाच फूट. आपल्याकडच्या सहा फुटी पलंगाची सवय असलेल्या दांपत्याने निदान किंग मागावा. बहीण-भाऊ किंवा मैत्रिणी असतील तर 'ट्विन', म्हणजे दोन सुटे पलंग. बादली-मग कुठेच मिळत नाहीत आणि न्हाणीघराची जमीन ओली करायची नसते. काही घरांत तर तिथेही गालिचा असतो. एक प्लास्टिकचा मग सामानात असू द्यावा. न्हाणीघरात दाढीच्या यंत्राखेरीज दुसरा सॉकेट नसतो आणि दिवा दोरी ओढून लावायचा असतो. तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर इथूनच घेऊन जावा. खोलीत किटली, चहा आणि बिस्किटं ठेवलेली असतात. किटलीत गरम केलेल्या पाण्याचं उपमा-पाकीट कुणाला खटकत नाही. छोट्या विजेच्या शेगडीवर फोडणी मात्र कदापि करू नये. धुराचा गजर वाजेल तो अख्ख्या घराला उठवेल.

रात्रीच्या जेवणाचं काय, हा प्रश्न फार थोडे लोक बुकिंगच्या वेळी विचारतात. बहुतेक बी अँड बीत रात्रीचं जेवण नसतं. गावातल्या पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, कुठे सोमवारी उघडतच नाही. नकाशावर घर सुंदर दरीत दिसत असेल, पण पब चार मैलांवर आणि शेवटची बस सहाला, असं असेल तर गाडी नसलेल्या प्रवाशाने तो मोह टाळावा. भारतीय वाहन परवान्यावर तिथे वर्षभर मोटार चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. पण डोंगराळ भागातले रस्ते एकपदरी, समोरून गाडी आली की ठरलेल्या रुंद जागी थांबायचं. चाळीस मैलांना दीड तास धरावा. यजमान साधारण चार ते सहाच्या दरम्यान तुमची वाट पाहतात, त्या हिशेबाने दिवस आखावा.

दर पाहताना तो खोलीचा आहे की माणशी आहे हे तपासा. दोन्ही पद्धती चालू आहेत. एकट्या प्रवाशाला दुहेरी खोलीच्या दरात थोडीच सूट मिळते. शनिवार-रविवारी अनेक जण किमान दोन रात्रींची अट घालतात. एडिनबरोत ऑगस्टमध्ये कलामहोत्सव असतो, तेव्हा दर कडाडतात. तिथे २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर पाच टक्के पर्यटक करही आहे, पण सलग पाच रात्रींपुरताच. मोठ्या बुकिंग संकेतस्थळांना यजमान घसघशीत कमिशन देतात. म्हणून घर तिथे शोधावं आणि मग यजमानांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा ईमेलने विचारावं. बऱ्याचदा दर थोडा उतरतो. रद्द करण्याची अट मात्र लेखी मागून घ्यावी, विशेषतः व्हिसा हातात यायचा असेल तर.

त्या ईमेलमध्ये पाल्हाळ नको. आम्ही इतकी माणसं, मुलांची वयं ही, येण्याची वेळ ही, खात नाही ते हे, जिना चढवत नाही, चालत जाता येईल असं जेवणाचं ठिकाण आहे का. बारा वर्षांखालची मुलं न घेणारी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे वयं लिहिणं गरजेचंच. उत्तर कसं येतं ते पाहा. प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर देणारं घर तीन तारे कमी असलं तरी निवडावं. छापील मजकूर चिकटवून पाठवणारं घर सोडून द्यावं. माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही.

पोहोचल्यावर पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. १९७२ च्या आदेशानुसार सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याचं नाव व राष्ट्रीयत्व, आणि ब्रिटन, आयर्लंड व राष्ट्रकुल देशांबाहेरच्या पाहुण्यांचा पासपोर्ट क्रमांक व पुढचा मुक्काम यांची नोंद ठेवणं आणि ती वर्षभर जपणं यजमानांवर बंधनकारक आहे. टिप द्यायची पद्धत नाही.

आणि बेत बदलला, गाडी चुकली, तब्येत बिघडली, तर दहा मिनिटं काढून त्या घरी फोन करा. तीन खोल्यांपैकी एक रिकामी राहिली तर त्या कुटुंबाची त्या रात्रीची एक तृतीयांश कमाई जाते. वेळेवर कळवलंत तर ती खोली दुसऱ्या कुणाला देता येते.